ताऱ्याभोवतीची धूळ: प्रकल्प नोंदी, सांगली (जानेवारी ते मार्च २०२५)

४ जानेवारी २०२५

रात्री साडेनऊला कॉलेजच्या गच्चीवर जमलो. थंडी चांगली होती, कृष्णेकडून धुकं अजून चढलं नव्हतं. तिन्ही मुलं वेळेवर आली. वहीत त्यांची नावं लिहीत नाही. एक हळदीच्या पेढीवरचा, एक मिरजेची (घरी तंबोरे-सतारी करतात), आणि तिसरा दंडोबाच्या पायथ्याच्या गावचा, रोज एसटीने येणारा.

मृग नक्षत्र पूर्वेला वर आलं होतं. काक्षी (बीटलज्यूज) ताऱ्याचा तांबूसपणा आणि राजन्याचा (रायजेल) निळसरपणा शेजारी शेजारी दिसत होता. मुलांना विचारलं, काक्षी केवढा दिसतो? "ठिपक्याएवढा." दुर्बिणीतून? "ठिपकाच." मग १९२० सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीच्या तोंडावर मायकेलसन आणि पीज यांनी २० फुटी तुळई बसवली. तुळईवरचे दोन आरसे ताऱ्याचा प्रकाश दोन ठिकाणांहून उचलायचे, आणि तो एकत्र आला की उजेड-अंधाराचे पट्टे दिसायचे. आरसे एकमेकांपासून दूर नेत गेले, आणि अंतर सुमारे ३ मीटर झालं तेव्हा पट्टे पुसले गेले. तेवढ्यावरून काक्षीचा व्यास निघाला ०.०४७ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा व्यास पहिल्यांदा असा मोजला गेला.

आपल्याला मात्र व्यास नको, ताऱ्याभोवतीची धूळ हवी आहे. प्रकल्पाचं काम ठरलं ते असं: कॉरिडॉरमध्ये खोटा तारा उभा करायचा, त्याच्याभोवती खोटी धूळ ठेवायची, आणि ती फक्त पट्ट्यांवरून ओळखता येते का ते बघायचं. त्यानंतर तोच हिशोब खऱ्या ताऱ्याला लावायचा.

७ जानेवारी

धूळ शोधायला अवरक्त (तांबड्यापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा) प्रकाशच का, हा प्रश्न पेढीवरच्या मुलाने विचारला. फळ्यावर एकच भागाकार केला: २८९८ भागिले तापमान (केल्विनमध्ये). उत्तर येतं ते वस्तू कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक झळकते ते, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग). धुळीचे कण साधारण १५०० केल्विनच्या वर टिकत नाहीत, वाफ होऊन जातात. म्हणजे ताऱ्याच्या सर्वांत जवळची, जेमतेम तग धरून असलेली धूळ १.९ मायक्रॉनच्या आसपास झळकते. पृथ्वीएवढी ऊब असलेली धूळ, ३०० केल्विन, झळकते १० मायक्रॉनच्या आसपास. डोळ्याला दिसणारा प्रकाश ०.७ मायक्रॉनलाच संपतो. तिथे तारा धुळीला पार झाकून टाकतो, अवरक्तात धुळीला थोडी तरी जागा मिळते.

अडचण अशी की १० मायक्रॉनला आपणही झळकतो. आपली शरीरं, दुर्बिणीची नळी, आरसे, हवा, सगळंच. म्हणून त्या तरंगलांबीला काम करणारे दुर्बिणीतला एक आरसा हलवून सेकंदात अनेकदा नजर ताऱ्यावरून शेजारच्या रिकाम्या आकाशावर नेतात, परत आणतात आणि वजाबाकी करतात.

दुसरी अडचण बारकाव्याची. अभिजित (व्हेगा) तारा २५ प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्याभोवती पृथ्वी-सूर्याएवढं अंतर (एक खगोलीय एकक) काढलं तर आकाशात ते ०.१३ आर्कसेकंद भरतं. १५०० केल्विनची सीमा अभिजितला साधारण ०.२ खगोलीय एककांवर येते (मुलांनी स्वतः काढलं), म्हणजे ०.०३ आर्कसेकंदांहून कमी. एकट्या आरशाने तिथपर्यंत पोचून ताऱ्याच्या झगमगाटातून धूळ वेगळी काढणं फार अवघड. दोन दुर्बिणी ३४ मीटर दूर ठेवून २.१५ मायक्रॉनला त्यांचा प्रकाश एकत्र केला, तर बारकावा ०.०१३ आर्कसेकंदांपर्यंत जातो.

११ जानेवारी

सामान गोळा झालं.

दुर्बीण: ७० मिमी व्यासाची, ७०० मिमी नाभीय अंतराची, कॉलेजचीच. खोटा तारा १० मीटरवर असणार, त्यामुळे प्रतिमा नेहमीपेक्षा सुमारे ५३ मिमी मागे पडते आणि फोकसर तेवढा बाहेर येत नाही. पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून जोड नळी केली. आतून काळा रंग.

तारा: लाल एलईडी, पुढे दुधी काच, पुढे अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात भोक. भोक ०.३ मिमीचं हवं होतं. मिरजेच्या मुलीने सतारीची बाज तार आणली, तिचं टोक कानशीने सपाट केलं आणि पत्र्यातून दाबलं. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली मोजलं, ०.३० मिमी. भोक इतकं गोल असेल असं मला वाटलं नव्हतं. "मॅडम, बाबांकडे सगळ्या जाडीच्या तारा आहेत, हव्या तेवढ्या आणते."

झाकणं: लेथवाल्याकडून एक मिमी पत्र्याची चकती, त्यात ३ मिमीची दोन भोकं. भोकांतलं अंतर प्रत्येक चकतीत वेगळं: ६, १०, १४, १८, २२, २६ मिमी. दुर्बिणीच्या तोंडावर चकती बसवली की दुर्बिणीची झाली दोन छोट्या दुर्बिणी. आकाशातल्या भाषेत या अंतराला बेसलाइन म्हणतात.

टेबलावर कडप्पा, त्याखाली हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूब. धक्के कमी व्हावेत म्हणून.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. तिळगूळ घेऊन मुलं घरी येऊन गेली.

१८ जानेवारी

पहिले पट्टे दिसले. रात्री आठ चाळीस. लॅपटॉपच्या पडद्यावर गोल ठिपका आणि त्यातून उभ्या रेघा. मिरजेची मुलगी काही न बोलता बराच वेळ बघत राहिली.

मोजायचं काय, ते इथे एकदा लिहून ठेवते. सर्वांत उजळ पट्टी आणि सर्वांत काळी पट्टी यांच्या तेजातला फरक, भागिले त्यांची बेरीज. काळी पट्टी पूर्ण काळी असेल तर उत्तर १. सगळं सपाट राखाडी असेल तर ०. याला दृश्यता म्हणायचं. बिंदूएवढ्या ताऱ्याची दृश्यता कायम १. ताऱ्याला रुंदी असेल तर बेसलाइन वाढवत नेताना दृश्यता घसरत जाते. आपल्या ०.३ मिमीच्या ताऱ्यासाठी ती सुमारे २५.७ मिमीला शून्य व्हायला हवी.

आजचे आकडे. ६ मिमी: हवं होतं ०.९०, आलं ०.८०. १० मिमी: हवं ०.७५, आलं ०.६४. १४ मिमी: ०.५५ ऐवजी ०.४५. २२ मिमी: ०.१४ ऐवजी ०.१०.

म्हणजे सगळीकडे कमी. पेढीवरचा म्हणाला, "मॅडम, ही तर धूळच दिसतेय." अजून धूळ ठेवलेलीच नाही, हे त्याला सांगताना मला स्वतःलाच जाणवलं की आपला प्रकल्प खरा इथे सुरू झाला. धूळ नसताना धुळीसारखंच दिसतंय. हे कुठून येतंय हे कळल्याशिवाय पुढे एक पाऊलही टाकायचं नाही.

१९ ते २३ जानेवारी

पाच रात्री एकाच प्रश्नावर गेल्या. या पाच रात्री पुढच्या दोन महिन्यांपेक्षा मोलाच्या ठरतील असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आकड्यांकडे नीट पाहिलं. तूट सगळीकडे सारखी नाही. ६ मिमीला मिळालेलं ÷ हवं असलेलं = ०.८९, २२ मिमीला ०.७१. बेसलाइन वाढते तशी तूट वाढते. बेसलाइन लांब तर पट्टे बारीक, आणि बारीक पट्टे थोड्या हलण्यानेही पुसले जातात. म्हणजे काहीतरी हलतंय.

काय हलतंय ते कानांनी सांगितलं. गाळपाचा हंगाम आहे. रात्री नऊनंतर रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या. ट्रॉली गेली की पडद्यावरच्या रेघा थरथरतात. ट्यूबांनी मोठे धक्के खाल्ले, बारीक थरथर खाल्ली नाही. आम्ही एका चित्रासाठी पाव सेकंद उजेड घेत होतो. तो एक शतांश सेकंदावर आणला, चित्रं शंभरपट जास्त घेतली, आणि प्रत्येक चित्राची दृश्यता वेगळी काढून सरासरी घेतली. खऱ्या ताऱ्यांच्या बाबतीत हवेच्या खळबळीसाठी हेच करावं लागतं. तिथे २ मायक्रॉनला पट्टे काही मिलिसेकंदांतच सरकतात.

२१ तारखेला उत्तर: चारही बेसलाइनवर गुणोत्तर ०.९०. आता तूट सगळीकडे सारखी.

आणि सारखी तूट ही जास्त घातक गोष्ट. कारण पसरलेली धूळ नेमकी हेच करते. धुळीचा पसारा मोठा, त्यामुळे तिचे स्वतःचे पट्टे छोट्या बेसलाइनलाच पुसून गेलेले असतात. तिचा उजेड मात्र शिल्लक राहतो आणि ताऱ्याच्या काळ्या पट्टीत सांडतो. एकूण उजेडात धुळीचा वाटा f असेल तर दृश्यता प्रत्येक बेसलाइनला (१ − f) पटीने खाली येते. म्हणजे आमच्या हिशोबाने इथे १०% धूळ होती, आणि खरी धूळ तर डब्यातच होती.

२२ तारखेला मामांनी, रात्रपाळीच्या शिपाई मामांनी, विचारलं की इन्व्हर्टरचा दिवा बंद करू का. कॉरिडॉरच्या टोकाला इन्व्हर्टरवर हिरवा-लाल दिवा आहे. तो आमच्या डोळ्यांत इतका मुरला होता की दिसतच नव्हता. दिवा झाकला, शिवाय प्रत्येक मोजणीनंतर ताऱ्यापुढे पुठ्ठा धरून नुसत्या अंधाराची शंभर चित्रं घेतली आणि वजा केली. गुणोत्तर ०.९७.

उरलेल्या ३ टक्क्यांचं कारण सापडलं नाही. दोन भोकं एकसारखी नाहीत (एक २.८ मिमीचं निघालं), पण तेवढ्याने ३ टक्के भरत नाहीत. भिंगात पसरणारा उजेड असेल, कॅमेरा असेल. इथे थांबलो.

२७ जानेवारी

ज्या तुटीचं कारण सापडत नाही ती मोजता तर येते. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा तारा बघायचा. ०.१ मिमीची दोन भोकं केली, सुईचं नुसतं टोक टेकवून. एवढं भोक ६ मिमीला जवळपास बिंदूच, दृश्यता ०.९९. प्रत्यक्षात जे कमी येईल तो आपल्या यंत्राचा दोष, त्याने ताऱ्याच्या आकड्याला भागायचं. हा कॅलिब्रेटर. आमचे दोन, क आणि ख. क्रम ठरला: क, तारा, ख, तारा, क. खऱ्या वेधशाळाही ताऱ्याच्या आधी आणि नंतर कॅलिब्रेटर तारे घेतात, कारण हवा आणि यंत्र रात्रभर एकसारखे राहत नाहीत.

भागल्यावर: ०.९०, ०.७५, ०.५४, ०.१४. २६ मिमीला पट्टे जवळजवळ गेले. तारा जागेवर आला.

२ फेब्रुवारी

आता धूळ.

पेढीवरच्या मुलाने कागदाच्या पुडीत राजापुरी हळदीची भुकटी आणली. मसाल्याच्या डब्यातली नव्हे, हळकुंडांना पॉलिश करताना ड्रमभोवती उडते ती, पिठाहून बारीक. नवी हळद यार्डात यायला लागली आहे, सौदे सुरू झालेत. त्याचे आजोबा हरिपूरच्या पेवांचं सांगतात: जमिनीत खोल खड्डे, आत हळद, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुराने बरीचशी पेवं गेली. पेव उघडलं की आधी आत दिवा सोडून बघायचे, मगच माणूस उतरायचा.

काचपट्टीवर चिकटपट्टी, तिच्यावर ३ मिमी व्यासाचं हळदीचं कडं, जाड थर, मधोमध पत्र्याची चकती आणि तिच्यात तेच ०.३ मिमीचं भोक. बाहेर सगळं काळं. मागून उजेड दिला की मध्ये लाल बिंदू आणि भोवती अगदी मंद लाल वलय. आधी ५ मिमीच्या वलयाचा विचार होता. पण ३ मिमीच्या भोकाला एका वेळी आकाशाचा ठरावीकच तुकडा दिसतो, त्याबाहेरची धूळ मोजणीत येतच नाही. म्हणून वलय लहान केलं.

५ फेब्रुवारी

६ मिमी, वलयासह: ०.७९. वलयाशिवाय ०.९०. हिशोबाने धुळीचा वाटा १२%.

हे खरं का, ते वेगळ्या वाटेने तपासायचं होतं. मिरजेच्या मुलीने पर्समधून काळ्या टिकल्यांचं पाकीट काढलं, सर्वांत लहान टिकली मधल्या भोकावर चिकटवली. तारा झाकला गेला, फक्त वलय उरलं. एकूण उजेडाशी तुलना केली: १२%. आकाशात अशी टिकली लावता येत नाही, म्हणून तर पट्ट्यांचा हा खटाटोप.

९ फेब्रुवारी

मिरजेच्या मुलीच्या घरी गेलो, तिच्या आई-वडिलांनी बोलावलं होतं. तिचे वडील तंबोऱ्याची जवारी लावत होते. दोन तारा जवळजवळ सुरात आल्या की त्यांच्यातून एक संथ लाट ऐकू येते. सूर जुळत जातो तशी लाट लांबत जाते आणि शेवटी थांबते. मुलीने विचारलं, "प्रकाशाचं असं ऐकता येईल का?"

येतं. चार्ल्स टाउन्स यांनी, लेसरच्या पायाभरणीबद्दल १९६४ चं नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञांनी, माउंट विल्सनवर नेमकं हेच केलं. ताऱ्याच्या ११ मायक्रॉनच्या प्रकाशात कार्बन डायऑक्साइड लेसरचा प्रकाश मिसळायचा. दोन्हींच्या लहरी जवळजवळ सारख्या, त्यांच्या मिसळण्यातून जी संथ लाट येते ती रेडिओच्या टप्प्यातली असते, आणि ती तारेतून नेता येते. प्रत्येक दुर्बिणीवर असं करून दोन्हीकडच्या लाटा ताडून बघायच्या. त्यातून म्हाताऱ्या लाल ताऱ्यांभोवतीची धूळ कुठे सुरू होते हे कळलं. काही ताऱ्यांची धूळ ताऱ्याला खेटून असते, तर काक्षीची मुख्य धूळ बरीच लांब. म्हणजे तारा सतत धूळ टाकत नाही, मधूनमधून टाकतो. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत काक्षी डोळ्याला कळेल इतका मंदावला होता, तेव्हाही त्याने बाहेर फेकलेल्या वायूतून बनलेली धूळ मध्ये आल्याचं दिसलं.

तिच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे लेसर हा तुमचा तंबोरा." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

१३ फेब्रुवारी

गडबड. धुळीचा वाटा आज ६% आला. वलय तेच, चकत्या त्याच. गेल्या आठवड्यात १२%.

रात्री सगळी गणितं पुन्हा केली. चूक नाही.

१६ फेब्रुवारी

सापडलं, आणि सापडलं ते दंडोबाकडच्या मुलाच्या चिकाटीमुळे. त्याने ताऱ्याकडे न बघता दोन कॅलिब्रेटर एकमेकांवर भागले. क ÷ ख = १.०६. दोन्ही भोकं सारखी, उत्तर १ यायला हवं. बिंदूपेक्षा ठळक पट्टे देणारा तारा असूच शकत नाही. म्हणजे ख मध्ये खोट.

मायक्रोस्कोपखाली ख ठेवला. भोकाच्या कडेला पिवळे कण. वलय बनवताना हळद उडाली आणि ख च्या काचेवर बसली. त्याला स्वतःचीच धूळ होती. त्याच्यामुळे यंत्र खरं होतं त्यापेक्षा वाईट भासत होतं, आणि त्याने भागल्यावर ताऱ्याची निम्मी धूळ नाहीशी होत होती.

पेढीवरचा मुलगा ओशाळला. त्याला सांगितलं, अरे, खऱ्या आकाशातही हेच होतं. कॅलिब्रेटर म्हणून निवडलेला तारा पुढे जोडतारा निघतो, किंवा त्यालाच धूळ निघते. म्हणून एकावर कधी विसंबायचं नाही. ख काढून टाकला, नवीन ग केला, आणि हळदीचं काम दुसऱ्या खोलीत हलवलं.

२० फेब्रुवारी

खऱ्या ताऱ्याचा हिशोब. अभिजित.

१९८३ मध्ये आयरास उपग्रहाने आकाश अवरक्तात धुंडाळलं, तेव्हा अभिजित लांब तरंगलांबीला अपेक्षेपेक्षा कितीतरी तेजस्वी निघाला. बाहेरची थंड धूळ. ताऱ्यालगतची तप्त धूळ मात्र कळली ती २००६ मध्ये, माउंट विल्सनवरच्या 'चारा' (CHARA) व्यतिकरणमापकावर, म्हणजे अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून पट्टे मोजणाऱ्या यंत्रावर. एक मीटरच्या सहा दुर्बिणी, सर्वांत लांब बेसलाइन ३३१ मीटर. पण धूळ दिली ती ३४ मीटरच्या सर्वांत आखूड जोडीने. २ मायक्रॉनच्या आसपासच्या उजेडात १.२९% वाटा धुळीचा.

मुलांनी करून पाहिलं. व्यास ३.२ मिलिआर्कसेकंद, बेसलाइन ३४ मीटर, तरंगलांबी २.१५ मायक्रॉन. नुसत्या ताऱ्याची दृश्यता ०.९२८. धुळीसह ०.९१६.

दंडोबाकडच्या मुलाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र धूळ २.६% येत होती. तासाभराने कळलं: व्यतिकरणमापक दृश्यतेचा वर्ग देतात, वर्गात तूट दुप्पट होते. ०.८६० आणि ०.८३८. मोजणीसाठी हे बरंच आहे, पण निकालात f लिहिताना निम्मं करायचं.

एक टक्का धूळ सरळ तेज मोजून का नाही कळली, असं मिरजेच्या मुलीने विचारलं. कारण नुसत्या ताऱ्याचं २ मायक्रॉनचं तेज एक टक्क्याच्या अचूकतेने आपल्याला ठाऊक नसतं. किती हवं होतं हेच पक्कं नसेल तर एक टक्का जास्त आलं हे कसं म्हणणार? पट्टे तारा आणि धूळ यांना आकारावरून वेगळं काढतात, तेजाच्या अंदाजावर विसंबत नाहीत. मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

ही धूळ तिथे टिकते कशी, हे अजून सुटलेलं नाही. कण मायक्रॉनहून लहान, ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबानेच ते उडून जायला हवेत. धूमकेतू सतत भर घालतात का, की चुंबकीय क्षेत्र त्यांना धरून ठेवतं, दोन्ही बाजूंनी विचार चालू आहे.

२७ फेब्रुवारी

दंडोबाचा डोंगर. काल महाशिवरात्रीची गर्दी होती, आज शुकशुकाट. अमावास्या. मुलाच्या आईने भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता.

पावणेआठला संधिप्रकाश पूर्ण गेला. पश्चिमेला शुक्र इतका झळाळत होता की आधी हात आडवा धरावा लागला. मग दिसला: क्षितिजापासून तिरका वर गेलेला फिकट सुळका, शुक्रावरून कृत्तिकांच्या दिशेने. सांगली-मिरजेच्या दिव्यांचा उजेड वेगळा, गोल आणि पिवळट. हा पांढुरका आणि टोकदार. राशिचक्र प्रकाश. सूर्याभोवतीची आपली स्वतःची धूळ, ग्रहांच्या पातळीत पसरलेली. गुरू आणि मंगळही त्याच रेषेत वर होते, त्यामुळे पातळी डोळ्यांनी आखता आली.

गेले सहा आठवडे आम्ही आकड्यांतल्या तुटीला धूळ म्हणत होतो. आज मुलांनी धूळ पाहिली. सगळी बराच वेळ आडवी पडून होती.

इतर ताऱ्यांभोवतीचं हेच कोमट वलय शोधायला ॲरिझोनातल्या मोठ्या जुळ्या दुर्बिणीचा वापर झाला. ८.४ मीटरचे दोन आरसे, मध्यापासून मध्यापर्यंत १४.४ मीटर. तिथे पट्ट्यांतली काळी रेघ नेमकी ताऱ्यावर आणतात, तारा विझतो आणि बाजूची धूळ उरते. आमच्या टिकलीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच.

४ मार्च

निळा एलईडी लावून बघितला. वलय जवळपास नाहीसं. धुळीचा वाटा लाल उजेडात १२%, निळ्यात ३%. हळद निळा प्रकाश पिऊन टाकते, म्हणून तर ती पिवळी. म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबीला f काढत गेलं तर धूळ कशाची आहे हेही कळतं.

सिलिकेट धुळीची खूण १० मायक्रॉनजवळ असते. चिलीतल्या पारानालवर, २६३५ मीटर उंचीवर, ८.२ मीटरच्या चार दुर्बिणी आहेत. त्यांतल्या दोन जोडणाऱ्या मिडी उपकरणाने २००४ मध्ये तीन कोवळ्या ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या तबकड्यांचा फक्त आतला भाग वेगळा काढला. तिथली धूळ बरीचशी स्फटिकरूप निघाली, बाहेरची तितकी नव्हती. ताऱ्याजवळच्या उष्णतेने भाजून निघालेली. खनिजं कोणती, तर ऑलिव्हिन, पायरॉक्सीन. सह्याद्रीच्या काळ्या दगडात पायरॉक्सीन भरपूर आहे. कॉलेजच्या पायरीकडे बोट दाखवून सांगितलं तेव्हा तिघंही पायरीकडे बघत राहिले.

११ मार्च

चकतीला तिसरं भोक पाडून आणलं. तीन भोकं, तीन जोड्या, तीन पट्टे. प्रत्येक पट्टा किती सरकलाय हे हवेवर अवलंबून, पण तिन्ही सरकणं फेरी घातल्यासारखी बेरजेला घेतली की हवेचा वाटा कटतो. उरते ती फक्त ताऱ्याची असमानता. हळदीच्या गोल वलयाला बेरीज शून्याच्या आसपास. शेजारी दुसरं भोक केलं, खोटा जोडतारा, आणि बेरीज लगेच शून्यावरून हलली. म्हणजे तूट धुळीची की दडलेल्या सोबत्याची, हे इथे वेगळं होतं.

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या हेच तत्त्व वापरतात, पण तिथे रेडिओ लहर केबलमधून आणता येते. पारानालवर प्रकाशच आरशांवरून बोगद्यात आणतात, आणि पृथ्वी फिरते तसा रुळांवरचा आरशांचा गाडा सरकवत दोन्ही वाटा समान ठेवतात.

२२ मार्च

शेवटची मोजणी. कॅलिब्रेटर क आणि ग, दोघांचं गुणोत्तर १.०० (शंभरातला एक इकडे-तिकडे). धुळीचा वाटा लाल १२, निळा ३. चार रात्रींत बदल नाही.

अहवाल मुलं लिहितायत. १९ ते २३ जानेवारीच्या नोंदी जशाच्या तशा घालायच्या असं त्यांनीच ठरवलं.

३० मार्च

गुढीपाडवा. पहाटे पाचला गच्चीवर. अभिजित ईशान्येला बराच वर होता, शांत, निळसर पांढरा. दक्षिणेला ज्येष्ठा. पेढीवरच्या मुलाने अभिजितकडे बोट करून धाकट्या बहिणीला सांगितलं, "त्याच्या शंभर भागांतला एक भाग धूळ आहे." तिने विचारलं, "दिसत का नाही मग?" तो तिला समजावत बसला, पट्ट्यांपासून, अगदी पहिल्यापासून.

उजाडल्यावर सामान भरलं. क आणि ग एका डबीत. ख मिरजेच्या मुलीने वेगळ्या पाकिटात घातला आणि वर लिहिलं: "हळद लागलेला. टाकू नये."